पाटाच्या काठाने

मराठीत डोंगर चढायचा असतो. गड सर करायचा असतो, सुळका मारायचा असतो, घाटवाट उतरायची असते. डोंगरात नुसते चालायला जाणे या गोष्टीला आपल्याकडे नीटसे नावही नाही. एका टोकाला ट्रेक आणि दुसऱ्या टोकाला शतपावली, मधल्या चालण्याची कोणी दखल घेत नाही. माथेरान-महाबळेश्वरचे पॉइंट आहेत खरे, पण ते आपण घोड्यावरून नाहीतर टॅक्सीतून पाहतो, आणि घरी येऊन सांगतो ते पॉइंटचे आणि कणसांचे. तिथवर नेणाऱ्या झाडीतल्या वाटेचे कोणी सांगत नाही. त्यामुळे ‘सोप्या वाटा’ असे शब्द एखाद्या पुस्तकावर दिसले की हे पुस्तक गुडघे धरलेल्यांसाठी किंवा पोराबाळांचे लटांबर बरोबर असलेल्यांसाठी असणार, असा समज होतो. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावरच्या सोप्या वाटांचे हे पुस्तक त्यांच्याही उपयोगाचे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण या प्रस्तावनेचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. मदेरात सोपी वाट ही अवघड वाटेची धाकटी बहीण नव्हे. ज्याला बेट समजून घ्यायचे आहे, त्याने आधी तीच धरावी. शिखरावरून बेटाचा आकार दिसतो. त्याचा कारभार कसा चालतो ते दिसत नाही.

मदेरा पोर्तुगालचे. लिस्बनच्या नैर्ऋत्येला सुमारे हजार किलोमीटर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मात्र त्याहून जवळ. बेटाची लांबी ५७ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २२, क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होतात त्याहून थोडे मोठे. एवढ्याशा जागेत पिको रुइवो हे सर्वोच्च शिखर १,८६२ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीला समुद्रापासून आपल्या उंचीला पोचायला अख्खी कोकणपट्टी मिळते. मदेराला दहा-अकरा किलोमीटरांत सगळे उरकावे लागते. दगड आपल्या ओळखीचा, ज्वालामुखीतून आलेला काळा बसाल्ट, पण दख्खनच्या पाषाणाच्या मानाने अगदी कोवळा. आपल्याकडच्या कातळाला झिजून पठारे व्हायला कोट्यवधी वर्षे मिळाली. इथे ती अजून मिळालेली नाहीत. मधल्या कण्यापासून सुटलेल्या घळी सरळ समुद्रात उतरतात आणि दोन घळींच्या मध्ये सुरीच्या पात्यासारखी सोंड. सपाट जमीन इतकी दुर्मीळ की २००० साली विमानतळाची धावपट्टी वाढवायची वेळ आली तेव्हा ती समुद्राकाठी काँक्रीटच्या खांबांवर उभी करावी लागली. अशा बेटावर सपाट चालायची सोय असावी हेच मुळात नवल आहे, आणि त्या नवलाचा उगम शोधला की बाकीचे बरेच काही हाती लागते.

तो उगम पाण्यात आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उत्तरेच्या उतारावर आदळतात, ढग तिथेच अडतात, पाऊस आणि धुके तिथेच सांडते. राजधानी फुंशाल दक्षिण किनाऱ्यावर. तिथे वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि माथ्यावर त्याच्या कितीतरी पट. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको. ऊस, द्राक्षे, केळी जिथे पिकतात तिथे पाणी नाही, आणि पाणी आहे तिथे पिकाला पुरेसे ऊन नाही, अशी ही कोंडी. म्हणून लोकांनी पाणी एका अंगाचे दुसऱ्या अंगाला वळवून आणले. ज्यातून आणले त्याला ते ‘लेवादा’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘लेवार’ म्हणजे नेणे, त्यावरून. मराठीत त्यासाठी शब्द घडवावा लागत नाही. तो पाट आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शेती भिजवणाऱ्या गावांनी जे शब्द काही शतके वापरले ते मदेराला जसेच्या तसे लागू पडतात: बंधारा, पाट, चारी, पाण्याची पाळी, आणि ती पाळी सांभाळणारा पाटकरी. मदेरात या माणसाला ‘लेवादेइरो’ म्हणतात. काम तेच. पाटात पडलेला पाला, फांद्या, दगड काढायचे, ठरल्या वेळी ठरल्या शेताकडे पाणी सोडायचे, आणि आपले पाणी शेजाऱ्याने चोरले अशी तक्रार घेऊन आलेल्याचे ऐकून घ्यायचे. या पुस्तकात त्याला सर्वत्र पाटकरीच म्हटले आहे.

आता सोपेपणाचे कारण सांगता येते. पाणी चढत नाही, आणि फार जोरात उतरू दिले तर पाट फोडते. म्हणून पाटाला उतार द्यायचा तो नजरेला जेमतेम जाणवेल एवढाच, आणि त्यासाठी पाट डोंगराच्या अंगाशी एकाच उंचीवर ठेवून प्रत्येक घळीत आत न्यायचा, ओढा ओलांडून बाहेर काढायचा, सोंड वळसा घालून पार करायची. सह्याद्रीतले भटके कड्याच्या पोटातून जाणाऱ्या ज्या वाटेला आडवी म्हणतात, तशी ही मैलोन् मैल चाललेली आडवी आहे. या पाटांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरांहून जास्त धरतात. लहान चाऱ्या मोजायच्या की नाही यावर आकडा बदलतो. पाट स्वतः बहुधा अरुंद, पुष्कळ ठिकाणी एका उडीत ओलांडता येईल असा. त्याच्या कडेने पायवाट आहे कारण पाटकऱ्याला रोज जावे लागते. म्हणजे आज ज्या सपाट, सावलीच्या, पाण्याच्या सोबतीच्या वाटेचे प्रवासी कौतुक करतो ती त्याच्यासाठी केलेलीच नाही. ती पाण्यासाठी केली आणि पाण्याच्या राखणदारासाठी ठेवली. वाटसरूला तिचा लाभ आयता मिळाला. पाण्याला जो चढ चालत नाही तो आपल्यालाही चढावा लागत नाही, एवढेच.

पण आयत्या मिळालेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी भरलेली असते, आणि मदेराच्या बाबतीत ती मोठी आहे. हे बेट निर्जन होते. १४१९-२० मध्ये पोर्तुगीज खलाशी तिथे उतरले आणि दाट जंगल पाहून त्यांनी त्याला मदेरा, म्हणजे लाकूड, हे नाव दिले. मग त्या लाकडाला आग लावून जमीन मोकळी केली. ही आग सात वर्षे जळत होती अशी दंतकथा आहे. ती अक्षरशः खरी नसेल, पण दक्षिण उतारावरचे मूळचे रान संपले हे खरे. त्या जागी ऊस आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला साखर पुरवणाऱ्या ठिकाणांत मदेराचे नाव वरचे होते. कोलंबस अमेरिकेला जाण्याच्या कितीतरी आधी, १४७८ साली, साखरेच्या खरेदीसाठीच इथे आला होता. (आपल्याशी या बेटाचा एक दूरचा धागाही त्या काळातला आहे. १५१४ मध्ये फुंशालचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा पोर्तुगालचे समुद्रापारचे सगळे मुलूख त्याच्याखाली घातले गेले. चारच वर्षांपूर्वी जिंकलेला गोवाही त्यात होता. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत गोव्यातली चर्चे कागदोपत्री या बेटाच्या बिशपकडे होती.) ऊस म्हणजे पाणी, हे मराठी वाचकाला सांगणे नको. आणि त्या काळी ऊस म्हणजे गुलामही. कॅनरी बेटांवरून, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरून, पश्चिम आफ्रिकेतून माणसे पकडून आणली गेली, आणि उसाच्या फडातली व पाट खोदण्याची कामे त्यांच्याकडून करून घेतली गेली. कड्यावर उभे राहायला जागा नसे तिथे माणसे दोरांना बांधलेल्या टोपल्यांतून खाली सोडत आणि ती लोंबकळत पहारीने कातळ फोडत.

गुलामगिरी गेली तरी पाण्याचा हिशेब सरळ झाला नाही. मदेरात जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचे असू शके. पाण्याचे वाटे जमिनीपासून सुटे विकले जात, वारशाने जात. जमिनीचा प्रकारही विलक्षण होता. जमीन मालकाची, पण तिच्यावर बांधलेले दगडी बांध, लावलेली झाडे, उभारलेले घर कुळाचे, आणि पीक अर्धेअर्धे. ‘कोलोनिया’ नावाची ही पद्धत १९७७ मध्ये कायद्याने मोडीत निघाली, म्हणजे आपल्याकडच्या कूळकायद्यानंतरही बऱ्याच वर्षांनी. मोठ्या पाटांपैकी काही तर आपल्या आजोबांच्या काळातले आहेत. १९४० नंतर सरकारने पाटबंधारे आणि वीजनिर्मिती एकत्र जोडून नवी कामे हाती घेतली. उत्तरेचे पाणी बोगद्यांतून दक्षिणेला काढले, वाटेत ते वीजघराच्या चाकावरून पाडले आणि मग शेतांना वाटून दिले. ही नोंद इथे मुद्दाम केली आहे, कारण लेवादा म्हणजे मध्ययुगीन अवशेष अशी एक गोड कल्पना पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून पसरलेली आहे. पाट चालू आहेत. त्यांच्या पाण्यावर आजही केळी पिकतात आणि नळांना पाणी येते.

आता मुख्य आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळे पुस्तकात वाचून कळते; डोंगरात जायचे ते डोंगरासाठी, आणि डोंगराचा आनंद चढण्यात आहे. मदेराची सर्वांत गाजलेली वाट पिको दो आरिएइरो या १,८१८ मीटर उंच शिखरापासून पिको रुइवोपर्यंत जाते. सात किलोमीटर, पायऱ्या, बोगदे, दोन्ही बाजूंना दऱ्या. ती सोडून पाटाच्या कडेने फिरणे म्हणजे राजगडाला जाऊन पाली दरवाजातून परत येण्यासारखे नाही का? आक्षेप खोटा नाही. ती वाट देखणी आहेच, आणि ज्याच्या पायात जोर आहे त्याने ती जरूर करावी. ऑगस्ट २०२४ च्या वणव्यानंतर ती बराच काळ बंद राहिली, तेव्हा जाण्याआधी चौकशी मात्र करावी. पण या आक्षेपामागे उंच म्हणजे अवघड आणि अवघड म्हणजे खरे अशी दोन समीकरणे गृहीत धरलेली आहेत, आणि मदेरात पहिलेच टिकत नाही. याच पिको रुइवोला अशादा दो तेइशेइरा या ठिकाणाहून फरसबंद वाट जाते. लांबी तीन किलोमीटरांच्या आत, आणि चढ जेमतेम तीनशे मीटरचा. बेटाचे सर्वोच्च शिखर असे सकाळच्या न्याहारीनंतर चालत जाऊन परत येण्याजोगे आहे. उलट काल्देइराव वेर्देला जाणारा पाट हजार मीटरांच्याही खाली आहे, चढ जवळपास शून्य, आणि तरी एका बाजूला पाट व दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खोल दरी अशा हात-दीड हात रुंद कडेवरून तो नेतो. उंचीच्या आकड्यावरून वाटेचा स्वभाव ठरवायची आपली सवय इथे फसते.

दुसरे समीकरण अधिक चिवट आहे. त्याला उत्तर देताना एवढेच विचारायचे, की चढताना माणूस काय पाहतो? पुढची पायरी, स्वतःचा श्वास, आणि पाण्याची बाटली किती उरली ते. लक्ष शरीराकडे असते, आणि ते तिथेच असायला हवे, नाहीतर पाय घसरेल. आडव्या वाटेवर लक्ष मोकळे होते. मदेरात ते मोकळे असणे फार फायद्याचे आहे, कारण पाहण्याजोगे बरेच काही बारीक आहे. उत्तर उतारावर जे जुने रान उरले आहे त्याला ‘लाउरिसिल्वा’ म्हणतात. सुमारे पंधरा हजार हेक्टर, म्हणजे बेटाचा पाचवा हिस्सा. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या प्रकारची अरण्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिण युरोपभर होती, हवामान थंड आणि कोरडे होत गेले तशी तिथून नाहीशी झाली, आणि अटलांटिकमधल्या काही बेटांवर समुद्राच्या उबेने तगली. त्यांत मदेरावरचे रान सर्वांत मोठे. तिथली मुख्य झाडे आपल्या दालचिनीच्या आणि तमालपत्राच्या कुळातली आहेत. पान चुरगळले तर वास ओळखीचा वाटतो (पान खाली पडलेले घ्यावे). तिथले लोक मांसाचे तुकडे पूर्वापार याच कुळातल्या एका झाडाच्या काटकीला ओवून निखाऱ्यावर भाजतात. हे रान नुसते पाऊस झेलत नाही. धुके पानांवर धरते, पानांवरून शेवाळावर, शेवाळावरून मातीत असे थेंबाथेंबाने उतरवते, आणि मग तेच पाणी झऱ्यातून पाटात येते. पाटाच्या कडेने चालणारा हा सगळा व्यवहार हाताच्या अंतरावर पाहतो. डावीकडे ठिबकणारे शेवाळ, उजवीकडे वाहणारा पाट. शिखरावरून हेच रान खाली पसरलेले हिरवे कांबळे दिसते, तेही ढग बाजूला झाले तर.

आणि पाट रानातून बाहेर पडला की माणसांचे काम सुरू होते. ‘पोइयो’ म्हणजे उतारावर दगडी बांध घालून तयार केलेल्या शेताच्या अरुंद पट्ट्या. काही तर चार ढांगांत संपतील अशा. दगड निवडून बांध रचायचा, माती पाठीवरून आणून भरायची, आणि पाटाच्या पाण्याला एकेक पट्टी उतरवत न्यायचे. वरच्या बाजूला पाण्याचा उगम, खालच्या बाजूला त्याचा वापर, आणि दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर आपण उभे: बेट वाचायची याहून सोयीची जागा नाही. घाटमाथ्यावरून कोकण ‘दिसते’, पण एखाद्या वाडीत पाणी कुठून येते ते खाली उतरून व्हाळाच्या कडेने गेल्यावरच कळते, तसे हे आहे.

सोपेपणाविषयीचा एक आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो जास्त गंभीर आहे. वाट सपाट आहे म्हणून ती निर्धोक आहे असे नाही, आणि ‘सोपी’ हा शब्द छापून पुस्तक लोकांना गाफील करते, असे कोणी म्हटले तर ते ऐकून घ्यायला हवे. म्हणून या पुस्तकात सोपी हा शब्द कशाला लावला ते स्पष्ट सांगतो. चढ थोडा असणे ही पहिली गोष्ट आहे, शेवटची नव्हे. पायाखालची जागा दोन पावले शेजारी ठेवता येतील एवढी रुंद हवी. दरीच्या बाजूला कठडा किंवा झाडी हवी. बोगदा असलाच तर टोकाचा उजेड दिसेल एवढाच लांब हवा. आणि कंटाळा आला, पाऊस आला, डोळे फिरले तर कुठूनही मागे वळता यायला हवे. या कसोटीवर रिबेइरो फ्रिओहून बालकोंइसला जाणारी वाट निर्विवाद सोपी ठरते. एकेरी दीड किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि शेवटी दरीवर पुढे आलेली गच्ची, जिथून हवा स्वच्छ असेल तर मधली उंच शिखरे समोर उभी राहतात. राबासालची रिस्को धबधब्याकडे जाणारी वाटही तशीच. तिथे कष्ट आहेत ते वाहनतळापासून खाली उतरून पुन्हा वर येण्याचे. पिको दास पेद्रासहून केइमादासला जाणारी दोनेक किलोमीटरची वाट तर चाकाची खुर्चीही जावी अशी आखलेली आहे आणि तिचे नावच ‘सर्वांसाठी वाट’ असे आहे. मात्र केइमादासच्या पुढे तोच पाट काल्देइराव वेर्देला जातो, आणि तिथे पुस्तकातला ‘सोपी’ हा शब्द संपतो. एकच पाट, एकच पाणी, चढ तेवढाच. पण वाट अरुंद, चार बोगदे, विजेरीशिवाय जाऊच नये असे. अशी वाट टाळा असे पुस्तक म्हणत नाही, ती वेगळ्या प्रकरणात टाकते.

पूर्वेच्या टोकाला साव लोरेन्सोचे भूशीर आहे. तिथे रान नाही, पाट नाही; उघडा, वाऱ्याने घासलेला, लाल-पिवळ्या-काळ्या थरांचा खडक आणि दोन्ही अंगांना समुद्र. ही वाट सोपी म्हणून सर्रास सांगितली जाते. आमच्या मते ती तशी नाही. एकेरी तीन किलोमीटर हा आकडा लहान दिसतो, पण चढउतार सतत, सावली औषधालाही नाही, आणि परतीची वाट तीच. पुस्तकात ती आहे, पण पहिल्या दर्शनी जागेपर्यंतच. तिथून दिसते त्यात बहुतेक सगळे येते.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे. गुलामांनी आणि कुळांनी जीव धोक्यात घालून खोदलेल्या पाटावरून आपण मजेत फिरायचे, हे बरे दिसते का? या प्रश्नाला मदेराच्याच इतिहासात एक तुलना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले श्रीमंत क्षयरोगी आणि अशक्त लोक हवापालटासाठी इथे येत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८६०-६१ चा हिवाळा इथे राहिली. अशा पाहुण्यांना डोंगर दाखवायचे म्हणजे बांबूला टांगलेल्या झोळीत बसवून, दोन माणसांच्या खांद्यांवरून. आपल्याकडच्या डोलीचाच प्रकार. ती सोय दर वेळी नव्याने कोणाच्या तरी खांद्यावर पडे. पाटाकाठच्या वाटेचे तसे नाही. तिथले कष्ट होऊन गेलेले आहेत, आणि आपण चाललो किंवा न चाललो तरी त्यांत कमी-जास्त होत नाही. जे बदलू शकते ते एवढेच, की ते कष्ट ठाऊक असावेत की नसावेत. इतिहासाला पुस्तकात इतकी जागा दिली ती यासाठी. निसर्गवर्णन पाहिजे असलेल्या वाचकाला ती पाने कदाचित जास्त वाटतील. त्याने ती परतीच्या विमानात वाचावीत.

शेवटचा आक्षेप गर्दीचा, आणि त्याला पुरते उत्तर नाही. सोप्या वाटा सगळ्यांना झेपतात म्हणून सगळे तिथेच येतात. राबासालच्या पंचवीस झऱ्यांच्या वाटेवर हंगामात समोरून येणाऱ्यासाठी अंग चोरून उभे राहावे लागते, आणि अरुंद कडेवर हे नुसते गैरसोयीचे नसते, धोक्याचेही असते. २०२४ पासून सरकारने अधिकृत वाटांवर बाहेरच्या प्रवाशांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. रक्कम आणि नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. यावर तक्रार ऐकू येते, की डोंगर पाहायला पैसे कसले. पण वाट आपोआप टिकत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये एका दिवसाच्या पावसाने घळींतून चिखल आणि दगड फुंशालपर्यंत आणले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उंचावरच्या वणव्यात ‘फ्रेइरा’ या अतिशय दुर्मीळ समुद्रपक्ष्याची बिळातली पिल्ले होरपळली. तोच पाऊस आणि तोच वणवा पाटाच्या कठड्यालाही लागतो. कोणीतरी दर वेळी दगड पुन्हा रचतो आणि तारा पुन्हा ओढतो, त्याची मजुरी कुठून तरी यायला हवी. एखाद्या पुस्तकाने आणखी माणसे तिथे पाठवणे हे गर्दीत भर घालणे आहे हेही मान्य. त्यावर इलाज म्हणून पुस्तकात फारशा नावाजलेल्या नसलेल्या पाटांचे तुकडे जास्त घेतले आहेत, विशेषतः गावांच्या अंगणांतून आणि केळीच्या बागांतून जाणारे. तिथे धबधबे नाहीत. बांध, चाऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि शेतात वाकलेली माणसे आहेत.

वाचकाला वापरासाठी थोडक्यात सांगायचे ते असे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेले अंतर एकेरी आहे, जाऊन-येऊन धरायचे तर दुप्पट करावे. उत्तरेकडे जायचे तर दक्षिणेत लख्ख ऊन असले तरी पावसाळी अंगरखा बरोबर ठेवावा. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती खरी मानावी. आपल्याकडच्या ‘प्रवेश निषिद्ध’सारखी ती औपचारिक नसते. मदतीसाठीचा क्रमांक तिथेही ११२ च आहे. पाटात पाय बुडवू नयेत, काही टाकू नये, ते पाणी खाली कोणाच्या तरी पाळीचे आहे. आणि अरुंद कडेवर समोरून कोणी फावडे किंवा दाताळे घेऊन येताना दिसला, तर डोंगराच्या अंगाला सरकून त्याला आधी जाऊ द्यावे. तो पाटकरी आहे, आणि कामावर आहे.